अमेरिकेतली समुपदेशक लायसन्सची परीक्षा: एनसीएमएचसीईची केस कशी वाचावी

अमेरिकेत समुपदेशनाचं लायसन्स हवं असेल तर राज्याचं बोर्ड सांगेल त्याप्रमाणे एनसीई (नॅशनल कौन्सेलर एक्झामिनेशन) किंवा एनसीएमएचसीई (नॅशनल क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंग एक्झामिनेशन) द्यावी लागते, कुठे कुठे दोन्ही. दोन्ही परीक्षा एनबीसीसी या समुपदेशकांच्या प्रमाणन संस्थेच्या, दोन्हींना वेळ २२५ मिनिटं. साम्य एवढंच. एनसीईत २०० सुटे प्रश्न असतात आणि त्यातले १६० गुणांत धरतात. एनसीएमएचसीईत ११ केसेस, म्हणजे क्लायंटच्या हकिगती असतात, गुण १० केसेसचे, आणि बिनगुणांची केस कुठली ते कळत नाही. प्रत्येक केसवर ९ ते १५ प्रश्न. हा लेख या दुसऱ्या परीक्षेबद्दल आहे. वाचन उत्तम झालेली माणसंसुद्धा हिच्यातच अडकतात.

आधी बोर्ड, मग पुस्तकं

आपल्या राज्याला कुठली परीक्षा चालते ते बोर्डाच्या साइटवर बघा. मुंबई-पुण्याहून एमए करून गेलेल्यांनी पदवीचं मूल्यांकन आधी करून घ्यावं. बऱ्याच राज्यांना ६० सेमेस्टर क्रेडिटची मास्टर्स आणि देखरेखीखालचे तास लागतात. तिथे गाडी अडली तर पुस्तकांवर घातलेले पैसे पाण्यात.

जुनं साहित्य टाकून द्या

नोव्हेंबर २०२२ मध्ये या परीक्षेचं रूप पार बदललं. पूर्वी माहिती गोळा करताना हवे तेवढे पर्याय निवडता येत आणि नको तो निवडला की गुण वजा होत. आता चार पर्याय, एक उत्तर, चुकलं तरी वजाबाकी नाही. तरी मैत्रिणीने दिलेली जुनी फाइल घेऊन 'कमीत कमी पर्याय निवडा' अशा युक्त्या घोकणारे आजही भेटतात. जुन्या साहित्याने नुसता वेळ जात नाही, वाईट सवयी लागतात. निदानासाठीही मानसिक विकारांच्या निकषांचं पुस्तक मार्च २०२२ चं, म्हणजे डीएसएम-५-टीआरच वापरा.

मुदती पाठ करा

कुठल्या विकारात लक्षणं किती काळ असावी लागतात, इथे पाठांतराला पर्याय नाही. तीव्र ताण विकार ३ दिवस ते १ महिना, त्यापुढे पीटीएसडी (आघातानंतरचा ताण विकार). क्षणिक मनोविकृती १ महिन्याच्या आत, स्किझोफ्रेनिफॉर्म १ ते ६ महिने, त्यापुढे स्किझोफ्रेनिया. हायपोमेनिया (सौम्य उन्माद) किमान ४ दिवस, मेनिया (उन्माद) किमान १ आठवडा. मोठं नैराश्य २ आठवडे, रेंगाळणारं नैराश्य मोठ्यांत २ वर्षं आणि मुलांत १ वर्ष. सामान्यीकृत चिंता ६ महिने. सोबत नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचे ५, १०, १५, २० हे गुणांचे टप्पे आणि चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ चे ५, १०, १५. चार संध्याकाळी पुरतात.

केस वाचणं

केस तीन हप्त्यांत येते: प्राथमिक मुलाखत, मग एक सेशन, मग दुसरं. प्रत्येक हप्त्यानंतर प्रश्न. 'तेव्हापर्यंत समुपदेशकाला काय माहीत आहे?' हे प्रत्येक प्रश्नाआधी स्वतःला विचारायचं. चारही पर्याय बहुतेक वेळा चांगलेच असतात, पण त्यातले तीन चुकीच्या वेळी आलेले असतात.

एक नमुना घ्या. चौतीस वर्षांची बाई, नोकरी जाऊन सात आठवडे. गेले तीन आठवडे जवळजवळ रोज उदास, पहाटे तीनला झोप उडते, जेवण तुटलंय, मुलीशी खेळण्यातही रस नाही, कशात लक्ष लागत नाही, 'माझीच लायकी नाही' असं सारखं वाटतं. मुलाखत संपताना म्हणते, 'सकाळ झालीच नाही तर बरं.'

पहिला प्रश्न निदानाचा. नोकरी गेली, तीन महिन्यांच्या आत त्रास सुरू झाला, म्हणून बहुतेक जण समायोजन विकारावर (एखाद्या ताणाच्या घटनेनंतर होणाऱ्या त्रासावर) बोट ठेवतात. चूक. लक्षणं मोजा: उदासी, रस जाणं, झोप, भूक, एकाग्रता, नालायकपणाची भावना. मोठ्या नैराश्याच्या नऊपैकी सहा झाली, मरणाचा विचार धरला तर सात, आणि मुदत दोन आठवड्यांच्या वर. म्हणजे उत्तर मोठं नैराश्य. दुसऱ्या विकाराचे निकष पूर्ण होत असतील तर समायोजन विकाराचं निदान करायचं नसतं. कारण ठसठशीत दिसलं की लक्षणं मोजायची राहतात, आणि प्रश्न काढणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न: आता सर्वांत आधी काय कराल? पर्याय असे: सुरक्षा योजना लिहून घेणं, आत्महत्येचे विचार, बेत आणि साधनं यांबद्दल थेट विचारणं, रुग्णालयात दाखल करण्याची सोय करणं, नकारात्मक विचारांवर काम सुरू करणं. थेट विचारणं हेच उत्तर. तिचं वाक्य निष्क्रिय इच्छेचं आहे, म्हणजे मरण यावं असं वाटतं पण स्वतः काही करेन असं ती म्हणत नाही; बेत आहे की नाही ते अजून कळलेलं नाही. धोका न मोजता दाखल करणं म्हणजे ताप न बघता सलाइन लावणं. सुरक्षा योजना बरोबरच, पण धोका मोजून झाल्यावरची.

आता उलटा सापळा. दुसऱ्या सेशनच्या मजकुरात लिहिलंय की धोका पुन्हा तपासला, मरणाचे विचार आता येत नाहीत, पण नोकरीच्या मुलाखती ती ठरवते आणि ऐनवेळी रद्द करते. पुढच्या प्रश्नात 'आत्महत्येचा धोका तपासा' हा पर्याय पहिलाच बसवलेला असतो. 'सुरक्षितता नेहमी आधी' एवढाच मंत्र घोकलेला माणूस तिथे पडतो. प्रश्न तिच्या दुविधेचा आहे. बदल हवा आणि नको या दोन्ही बाजू तिच्याच तोंडून काढून घेणारा पर्याय निवडा.

भारतात वाढलेल्यांची एक खास खोड आहे. 'नवऱ्याला बोलावून त्याला परिस्थिती समजावून सांगा' हा पर्याय आपल्याला मायेचा वाटतो. क्लायंटच्या संमतीशिवाय तो गोपनीयतेचा भंग आहे. तसाच 'मुलाखतीची तयारी कशी करावी ते सांगा' हा पर्याय. सल्ला देणारं उत्तर हात आपोआप निवडतो, म्हणून असा पर्याय दिसला की दोनदा वाचा.

नीतिनियम: टोकाचे पर्याय संशयाने बघा

क्लायंटने दिवाळीला मिठाईचा डबा आणला. 'भेटवस्तू निषिद्ध आहेत, परत करा' हे उत्तर कडक म्हणून बरोबर वाटतं. एसीए या समुपदेशकांच्या अमेरिकी संघटनेची २०१४ ची आचारसंहिता तसं म्हणत नाही. भेटीची किंमत, देण्यामागचा हेतू, संस्कृती आणि उपचारातल्या नात्यावर होणारा परिणाम यांचा विचार करा, असं ती सांगते. महाराष्ट्र मंडळातल्या जिवलग मित्राच्या मुलीला क्लायंट म्हणून घ्यायचं का, हा मात्र वेगळा मामला. जिथे तटस्थ राहता येणार नाही तिथे नकार आणि दुसरीकडे पाठवणी.

मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल तर सरकारी यंत्रणेला कळवायचं. वाजवी संशय पुरतो, पुरावा लागत नाही, आणि चौकशी करणं समुपदेशकाचं काम नाही. 'सुपरवायझरला सांगून मोकळं व्हा' हा पर्याय जवळजवळ दर वेळी असतो. तो घेऊ नका. समन्स आलं म्हणून नोंदी लगेच पाठवायच्या नसतात: आधी क्लायंटशी बोलणं आणि वकिलाचा सल्ला. न्यायाधीशाचा आदेश ही वेगळी गोष्ट.

चुकांची वही

आठवड्याला तीन केसेस सोडवा, त्याहून जास्त नको. सोडवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तपासणीला द्या. दर चुकीपुढे चारपैकी एक शेरा मारा: माहीत नव्हतं, वाचलं नाही, क्रम चुकला, किंवा पदरचं घातलं. 'पदरचं घातलं' म्हणजे मजकुरात नसलेली गोष्ट तुम्ही गृहीत धरली: नवरा मारत असेल, ती दारू लपवत असेल. अनुभवी माणसांचा हा शेरा सर्वांत मोठा निघतो, कारण त्यांना अशी शंभर घरं माहीत असतात. पहिल्या शेऱ्यावर पुस्तक हा उपाय आहे, उरलेल्या तिन्हींवर नाही. मजकुरातल्या ज्या वाक्यावर उत्तर उभं आहे त्याखाली रेघ मारून मगच पर्याय वाचायची सवय लावा. असं वाक्य सापडत नसेल तर तुमचं उत्तर पदरचं आहे.

पूर्ण ११ केसेसची घड्याळ लावून तालीम दोनदा करा. केसला सरासरी वीस मिनिटं येतात. सराव परीक्षेत किती टक्के पडले यावर तारीख ठरवू नका. सलग तीन आठवडे क्रमाच्या आणि पदरच्या चुका मिळून एकूण चुकांच्या निम्म्याहून कमी राहिल्या की तारीख घ्या.

नोंदणी

नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते नावालाच चिकटलेलं आणि लग्नानंतर तिसरीकडे नवऱ्याचं आडनाव, असा घोळ असतो. तो केंद्राच्या दारात निस्तरत नाही. अर्ज भरायच्या आधीच एक ओळखपत्र ठरवा आणि सगळीकडे तेच नाव चालवा.