चाळकेवाडीच्या पठारावर कॅडवेल्ड शिकलो ते

आयटीआयला इलेक्ट्रिशियन करून साताऱ्यात अर्थिंगच्या कामाला लागलो तेव्हा एक्झोथर्मिक वेल्डिंग, म्हणजे साईटवर सगळे कॅडवेल्ड म्हणतात ते, मी नुसतं ऐकलेलं. पहिलंच काम चाळकेवाडीला, पवनचक्कीच्या पायाशी तांब्याची केबल अर्थ रॉडला, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या सळईला, जोडायची. ना वेल्डिंग मशीन ना करंट, कॉपर ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पावडर पेटते, 2000 डिग्रीच्या वर जाते आणि वितळलेलं तांबं साच्यात उतरून केबल नि रॉड एकजीव होतात, काही सेकंदांत खेळ खल्लास.

नवी पोरं ठिणगीला घाबरतात, मी पण घाबरायचो, पण मला भाजलं ते ओलीमुळं. डिसेंबरची सकाळ, सगळीकडं दव, मोल्ड, म्हणजे तो ग्रॅफाइटचा साचा, रात्रभर पिकअपच्या हौद्यात पडलेला. ग्रॅफाइट ओल धरतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि घाई एवढी की न तापवताच पेटवला. फाडकन आवाज झाला, तांब्याचे शिंतोडे वर उडाले, एक थेंब बाहीला भोक पाडून मनगटावर आला, डाग अजून आहे. नंतर जॉइंट कापून बघितला तर आतनं आंबोळीसारखा जाळीदार!

त्यामुळं दिवसाचा पहिला शॉट, म्हणजे पहिला जोड, घ्यायच्या आधी गॅस टॉर्चनं मोल्ड साधारण 120 डिग्रीपर्यंत तापवायचाच, उन्हाळा असला तरी. केबलच्या तारांमध्ये पण पाणी बसतं, ती टॉर्चनं सुकवायची आणि वायर ब्रशनं लखलखीत होईपर्यंत घासायची.

मग मोल्ड नीट आवळायचा, फट राहिली तर तांबं तिथनंच गळतं. तळाला स्टीलची डिस्क, ती विसरली तर पावडर न पेटताच खाली केबलवर पडते. वर वेल्ड पावडर, आणि तिच्या डबीच्या बुडाला घट्ट बसलेली स्टार्टिंग पावडर, म्हणजे ठिणगीनं आधी पेटणारी, टिचक्या मारून सुटी करून सगळीकडं सारखी पसरायची, चिमूटभर मोल्डच्या ओठावर. झाकण लावायचं.

पेटवताना आमचे मिस्त्री अण्णा ओरडायचे, "आरं, त्वांड बाजूला घे, समोर हुबा राहू नगंस!" बरोबरच होतं त्यांचं. मोल्डच्या तोंडासमोर कुणीच नको, वारा आपल्या पाठीकडनं यायला पाहिजे, हात लांब करून बाजूनं फ्लिंट गन, म्हणजे ठिणगी पाडायचं हत्यार, मारायची आणि लगेच मागं ओढायची. हल्ली लांब वायरचा बॅटरीवाला इग्नायटर मिळतो, ठेकेदाराकडं हक्कानं मागा, लाजू नका. पठारावर वारं सुसाट आणि गवत वाळलेलं, म्हणून आम्ही आधी दोन-तीन मीटर गवत काढून टाकायचो. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, कातडी हातमोजे, गॉगल, बूट. नायलॉनचं टीशर्ट घालून कुणी आला तर त्याला लांबच ठेवा, ते कातडीला चिकटतं. आणि धूर छातीत घेऊ नका.

पेटलंच नाही तर वाकून बघायला जायचं नाही, काही मिनिटं थांबायचं, मगच झाकण उघडायचं. जळत असताना पाणी तर अजिबात मारायचं नाही. पेटलं की निदान अर्धा मिनिट थांबून मोल्ड उघडायचा, आणि निघालेला स्लॅग, म्हणजे जळून उरलेला मळ, काळा दिसतो म्हणून पोरं हात लावतात, तो आतनं लाल असतो आणि ओल्या मातीत पडला तर तडतड उडतो, त्याला पत्र्याच्या डब्यात कोरडा ठेवा.

एक मोल्ड साधारण 50 शॉट जातो. गार व्हायच्या आधी मऊ ब्रशनं साफ करायचा, वायर ब्रशनं ग्रॅफाइट झिजतं, आणि संध्याकाळी पिशवीत गुंडाळून गाडीच्या केबिनमध्ये ठेवायचा, हौद्यात नाही.