कोरोल्योव्ह यांचे स्मृतिपदक संग्रहात घेताना या चुका टाळा

अंतराळयुगाचे शिल्पकार मानले जाणारे रॉकेट-अभियंते सेर्गेई कोरोल्योव्ह यांची सोव्हिएत स्मृतिपदके विकत घेताना सर्वांत महागात पडणारी चूक सालाची असते. पदकावर 4 ऑक्टोबर 1957 ही पहिल्या स्पुटनिकची किंवा 12 एप्रिल 1961 ही युरी गागारिन यांच्या उड्डाणाची तारीख दिसली, की पदकही त्याच वर्षी पाडलेले असणार असे गृहीत धरून त्या हिशेबाने किंमत मोजली जाते. वास्तविक कोरोल्योव्ह हयात असेपर्यंत त्यांचे नाव सरकारी गुपित होते. वृत्तपत्रांत उल्लेख होई तो केवळ ‘मुख्य रचनाकार’ असा, आणि ‘प्रावदा’मधील त्यांचे स्वतःचे लेखही ‘प्राध्यापक के. सेर्गेयेव्ह’ या टोपणनावाने छापले जात. 14 जानेवारी 1966 रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखामुळे सामान्य नागरिकांना त्यांची ओळख झाली. ज्यांचे छायाचित्र छापण्याचीही मुभा नव्हती, त्यांचा चेहरा असलेले पदक त्या काळी खुलेपणाने वितरित होणे संभवत नाही. म्हणून 1966 पूर्वीच्या कोरोल्योव्ह पदकाचा दावा भक्कम कागदपत्रांशिवाय मान्य करू नये. तारीख घटनेची असते, टांकसाळीची नव्हे.

याउलट, जन्मवर्ष 1906 असे कोरलेले पाहून पदक बनावट ठरवण्याची घाई काही जण करतात, तीही चुकीची आहे. कोरोल्योव्ह यांचा जन्म जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार 30 डिसेंबर 1906 रोजी, तर आजच्या दिनदर्शिकेनुसार 12 जानेवारी 1907 रोजी झाला, त्यामुळे दोन्ही वर्षे आढळू शकतात.

विक्रेत्याने ‘सुवर्णपदक’ म्हटले, तर अधिकच सावध राहावे. रशियन विज्ञान अकादमीकडून कोरोल्योव्ह यांच्या नावे दिले जाणारे सुवर्णपदक हा एक सन्मान आहे. बाजारात येतात ती बहुतेक तोंबाक या तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची किंवा सोनेरी रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमची स्मृतिपदके. ॲल्युमिनियमचे पदक आकाराच्या मानाने इतके हलके असते की हातात घेताच शंका फिटावी. चुंबकाच्या चाचणीवर मात्र विसंबू नये, कारण तोंबाक, ॲल्युमिनियम आणि पितळेची ओतीव नक्कल, यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. नक्कल ओळखायची असेल तर भिंग घेऊन चेहऱ्याभोवतीची सपाट जागा आणि कड पाहावी: ओतीव कामात बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर घासून काढलेल्या सांध्याची खूण राहते, शिवाय धातू थंड होताना आकसत असल्याने व्यास मूळ पदकापेक्षा किंचित कमी भरतो.

घरी आल्यावर होणारे नुकसान तर कुणा ठकाने केलेले नसते. तोंबाकच्या अनेक पदकांवरील गडद तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे. ती टांकसाळीत रासायनिक प्रक्रियेने मुद्दाम चढवलेली असते. देवाची उपकरणी लख्ख करणारी चिंच, लिंबू किंवा पॉलिशची पावडर या पदकावर चालवली, की ही झाक जाते, उठावाच्या कडा झिजतात आणि पदक पूर्ववत करता येत नाही. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानेच झटकावी.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या पदकावर हिरवट, चिकट थर आला, तर तो बहुधा पाकिटातील पीव्हीसीचा दोष असतो. रंग, लाख किंवा मीना नसलेल्या पदकावरील असा थर शुद्ध ॲसिटोनने, हवेशीर जागी आणि आगीपासून दूर राहून, न घासता काढता येतो. नखांचा रंग काढायचे द्रावण त्याऐवजी वापरू नये, कारण त्यात तेल व सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात. फिकट हिरवी भुकटी पुसूनही पुन्हा उमटत असेल, तर ते क्लोराइडमुळे आतून चाललेले गंजणे असू शकते. अशा वेळी ते पदक इतरांपासून वेगळे करून सिलिका जेलसह कोरड्या डबीत ठेवावे आणि धातुसंवर्धकाला दाखवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापुरते तरी कापडी अस्तराच्या मूळ पेटीतून पदक बाहेर काढून ठेवणे बरे, कारण ते अस्तर ओल धरून ठेवते. पेटी मात्र टाकून देऊ नये, संग्राहक तिचेही पैसे देतात.