काळ्या जमिनीत ओलाव्याचा सेन्सर आणि नॅनो युरिया

वाफसा, म्हणजे जमिनीत ना चिखल ना कोरडेपणा असा बेताचा ओलावा, आला की नाही, हे मराठवाड्यात आजही मूठभर माती दाबून ठरवले जाते आणि ती परीक्षा चुकीची नाही. मात्र मोसंबीच्या मुळांशी दीड-दोन फूट खाली काय चालले आहे, ते मुठीला कळत नाही. त्यासाठी सेन्सर हवा. धातूच्या उघड्या काड्यांचा स्वस्त सेन्सर खारवट पाण्यात फसतो आणि गंजतो, म्हणून कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्यावा.

हा सेन्सर मातीचा पराविद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची तिची क्षमता, मोजतो. पाण्याचा तो सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. आपली काळी माती सुकताना आक्रसते. भेग नेमकी सेन्सरच्या मातीत खोचलेल्या पात्याला लागून पडली, तर आत हवा शिरते, माती ओली असूनही आकडा घसरतो आणि पाणी वाचवण्यासाठी आणलेले यंत्रच मोटार चालू करायला लावते. म्हणून जमीन वाफशावर असतानाच, ठिबकच्या तोटीपासून वीतभर अंतरावर गिरमिटाने तिरपे छिद्र घ्यावे, त्याच खोलीच्या मातीची रबडी आत ओतावी, पाते घट्ट दाबून बसवावे आणि वर पाचटाचे आच्छादन घालावे. एक सेन्सर ३० आणि दुसरा ६० सेंटिमीटरवर ठेवावा. वरचा पाण्याची वेळ सांगतो. पाणी दिल्यावर दर वेळी खालचाही चढत असेल, तर पाणी मुळांखाली उतरत आहे आणि सोबत खतातले नायट्रेट विहिरीकडे नेत आहे, असे समजावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

सेन्सरच्या आकड्यावरून ओलावा काढण्याचा कंपनीचा तक्ता काळ्या मातीला क्वचितच लागू पडतो. सेन्सरजवळची १०० ग्रॅम ओली माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवावी. ७८ ग्रॅम उरली, तर वजनी ओलावा २२ भागिले ७८, म्हणजे सुमारे २८ टक्के. सेन्सर बहुधा घनफळाचा टक्का दाखवतो, त्यामुळे दोन्ही आकडे जुळणार नाहीत. ते वहीत शेजारी-शेजारी लिहावेत आणि वाफशाला व जमिनीला पाण्याचा ताण पडल्यावर हेच पुन्हा करावे.

कापसावर नॅनो युरिया, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे द्रवरूप युरिया खत, फवारतानाही हीच वही उपयोगी पडते. पाण्याच्या ताणातल्या झाडाची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटलेली असतात, तेव्हा फवारा पानावरच वाळतो. म्हणून जमिनीत ओल असताना, सकाळी दव वाळल्यावर किंवा सायंकाळी फवारावे आणि प्रमाण बाटलीवरचेच ठेवावे. एका बाटलीत गोणीभर युरियाचे काम होते, हा दावा मात्र हिशेबाने पाहावा: ४ टक्के नत्राच्या ५०० मिलिलिटर बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र असते, तर ४५ किलोच्या गोणीत २० किलोंहून अधिक. बाटलीच्या भरवशावर पेरणीची खतमात्रा कमी करू नये. पंप धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. शेताच्या मधोमध चार ओळी न फवारता सोडाव्यात आणि त्यांची वेचणी वेगळी तोलावी, म्हणजे फवाऱ्याने फरक पडला का ते कळेल.