नॅम्प्ट रोखल्यावर डीएनएची दुरुस्ती मंदावते का? सोलापुरी उन्हाळ्यातली कॉमेट चाचणी

कॉमेट चाचणीत पेशी जेलमध्ये ठेवून वीज देतात; तुटलेला डीएनए बाहेर सरकतो आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते. डीएनएचा एक धागा तुटला की पार्प-१ हे प्रथिन तिथे चिकटतं आणि एनएडी हा पेशीतला सहविकर मोडून साखळी विणतं. त्या साखळीमुळे एक्सआरसीसी-१ आणि दुरुस्तीची बाकी प्रथिनं जमतात. एनएडी मोडताना सुटलेलं निकोटिनामाइड पुन्हा एनएडीच्या वाटेला लावतं ते नॅम्प्ट हे चयापचयाचं विकर. तेच बंद पाडून बघायचं.

हेला पेशींचे (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) तीन गट करा: साधा, एफके८६६ हे नॅम्प्ट रोखणारं औषध दिलेला (१० नॅनोमोलर, २४ तास), आणि एफके८६६ सोबत १ मिलिमोलर एनएमएन (नॅम्प्ट बनवतं तो पदार्थ) दिलेला. तिसरा गट गाळू नका. नॅम्प्टच्या पुढचा पदार्थ दिल्यावर दुरुस्ती सावरली, तरच दोष एनएडीच्या टंचाईचा. औषध ७२ तास ठेवलं तर पेशीच मरू लागतात, आणि मरत्या पेशीचीही शेपटी लांबच दिसते.

हायड्रोजन पेरॉक्साइड १०० मायक्रोमोलर, बर्फावर १० मिनिटं. द्रावण त्याच वेळी करा, कालचं चालत नाही. धुऊन पेशी ३७ अंशाच्या माध्यमात सोडा. त्या माध्यमातही तेच औषध हवं, हे हमखास विसरतं. ०, १५, ३० आणि ६० मिनिटांनी नमुने घ्या. पेरॉक्साइड न दिलेली एक स्लाइड प्रत्येक गटाची.

आता सोलापूरची खरी अडचण. पेशी ज्या जेलमध्ये मिसळून स्लाइडवर पसरायच्या, ते कमी तापमानाला वितळणारं ॲगरोज तिशीच्या खाली आल्याशिवाय धड गोठत नाही, आणि मे महिन्यात दुपारी खोलीच त्याहून गरम. जेल ओलसर चकाकतं, कव्हरस्लिप सरकवली की तिच्यासोबत निघून येतं. स्टीलचा ट्रे बर्फावर ठेवून त्यावर स्लाइड १० मिनिटं ठेवा. कडा दुधाळ दिसल्या की कव्हरस्लिप काढा. उजेडानेही धागे तुटतात, म्हणून खिडकीवर जाड चादर टाका. ती इथे शोधावी लागत नाही.

लायसिस, म्हणजे पेशींची आवरणं विरघळवणं, ४ अंशाला निदान एक तास. त्या द्रावणात ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) ऐन वेळी घाला. मग लिटरला १२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या थंड बफरमध्ये २० मिनिटं ठेवून, सेंटिमीटरला १ व्होल्टने २० मिनिटं वीज चालवा. मधेच वीज गेली तर त्या स्लाइड टाकून द्या. अल्कलीत धागे उलगडतच राहतात. शेवटी ट्रिस (पीएच ७.५) ने उदासीन करून रंगवा.

प्रत्येक नमुन्याचे १०० कॉमेट मोजा, शेपटीतल्या डीएनएच्या टक्केवारीचा मध्यक घ्या. शून्य मिनिटाला गट सारखे आणि ३० मिनिटांनी फक्त एफके८६६ चीच शेपटी उरलेली, तर दुरुस्ती मंदावली. पेरॉक्साइडशिवायच शेपटी दिसली तर औषधाचा वेळ कमी करा.