ट्यूडर काळातलं बंड मोडल्यावर पुढे काय झालं, हे कसं वाचायचं

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या राजाराण्यांच्या सिरीयल बघून बऱ्याच जणांना बंडांची गोडी लागते, पण बंड मोडलं, म्होरक्याचं डोकं उडवलं की लोक पुढच्या राणीकडे वळतात. खरा माल तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत असतो. १५३६ चं बंड घ्या नाहीतर १५६९ चं, वाचायची माझी एक पद्धत आहे ती सांगतो. आधीच सांगून ठेवतो, राजा किती चिडला याच्या वर्णनात वेळ घालवू नका, चिडतात सगळेच, जमीन कुणाकडे गेली आणि कुठल्या कायद्याने गेली ते बघायचं.

सगळ्यात आधी माफीची तारीख शोधा. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद करायला घेतले म्हणून उत्तर इंग्लंड पेटलं, त्याला पिलग्रिमेज ऑफ ग्रेस म्हणतात, पुढारी रॉबर्ट आस्क नावाचा वकील. त्याच्यामागे तीसेक हजार माणूस आणि समोर राजाचा सेनापती ड्यूक ऑफ नॉरफोककडे त्यामानाने चिमूटभर फौज, मग लढणार कसं? डिसेंबरमध्ये डॉनकास्टरला नॉरफोकने कौल दिला की सगळ्यांना माफी, शिवाय उत्तरेत पार्लमेंट भरवू. आस्कने लोकांना घरी पाठवलं आणि ख्रिसमसला स्वतः राजाचा पाहुणा म्हणून दरबारात गेला. जानेवारी १५३७ मध्ये सर फ्रान्सिस बिगॉड या उतावळ्याने परत बंड केलं, आस्कने उलट लोकांना शांत करायला मदत केली, पण हेन्रीला निमित्त मिळालं ते मिळालंच. माफी डिसेंबरपर्यंतच्या गुन्ह्यांना होती, त्यामुळे खटल्यात सगळा जोर 'त्यानंतर काय केलंस' यावर. म्हणून वाचताना एका कागदावर माफीची तारीख लिहा आणि शेजारी आरोपातल्या तारखा लिहीत जा, कुठे ओढूनताणून आणलंय ते लगेच दिसतं. जुलैमध्ये आस्कला यॉर्कमध्ये साखळदंडात लटकवला, बाजाराच्या दिवशी, म्हणजे गर्दी असणारच.

(आपल्या मुंबईतही एक असं प्रकरण आहे. १६८३ मध्ये रिचर्ड केग्विनने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड केलं, तेही राजाच्या नावाने, आणि पुढच्या वर्षी माफीची अट घालूनच किल्ला सोडला. तो जिवंत मायदेशी पोचला. आस्कपेक्षा हुशार म्हणायचा.)

दुसरं म्हणजे फाशी कुठल्या कायद्याने दिली ते बघा, कोर्टात ज्युरीसमोर की मार्शल लॉ (लष्करी कायदा, ज्युरीशिवाय) लावून. हा फरक बहुतेक लोक सोडून देतात आणि तिथेच चुकतात. फेब्रुवारी १५३७ मध्ये उत्तरेतल्या कार्लाइल शहरावर बंडखोरांचा हल्ला फसला आणि नॉरफोकने मार्शल लॉखाली ७४ जणांना फाशी दिली, ज्याच्या त्याच्या गावात, काहींना तर स्वतःच्या बागेतल्या झाडाला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की बारा जणांच्या ज्युरीपुढे नेले असते तर यातला पाचातला एकही दोषी ठरला नसता! वर हेही कळवलं की या भागात लोखंडाची टंचाई आहे, त्यामुळे काहींना साखळीऐवजी दोरीनेच लटकवावं लागलं. राजाचा हुकूम कितीही कडक असो, शेवटी गावात लोखंड मिळतंय का यावर येऊन थांबतो, असले तपशील टिपून ठेवा.

पुढे त्या मेलेल्यांच्या बायका आणि आया रात्री जाऊन प्रेतं उतरवून घेऊन आल्या आणि लपूनछपून पुरली. लंडनला कळल्यावर चौकशीचा हुकूम सुटला आणि त्या बायकांचे जबाब घेतले गेले, कुणी उतरवलं, कुणाला बरोबर नेलं, कुठे पुरलं. म्हणजे सरकारला सूड घ्यायचा होता आणि त्या नादात गावातल्या साध्या बायकांची साक्ष कागदावर राहिली, एरवी त्यांचं कोण काय लिहून ठेवणार होतं.

आता पैसा. १५६९ मध्ये उत्तरेतले दोन अर्ल (बडे सरदार) पहिल्या एलिझाबेथवर उठले, आणि बंड मोडल्यावर सातशेच्या आसपास लोकांना फाशी द्यायचा आराखडा गाववार आकडे टाकून तयार झाला. प्रत्यक्षात किती गेले यावर इतिहासकारांचं अजून जमत नाही, त्यामुळे हुकुमातला आकडा आणि झालेल्या फाशीचा आकडा कधी एकत्र करू नका. पण गंमत वेगळीच आहे. मार्शल लॉने मारलं तर मालमत्ता राजाकडे येत नाही, त्यासाठी रीतसर राजद्रोहाचा खटला लागतो. म्हणून राणीची सूचना अशी की ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मार्शल लॉने लटकवू नका. थोडक्यात जमीनवाला कोर्टात, आणि कोर्टात गेला म्हणजे दंड भरून सुटायची सोय, आणि ज्याच्याकडे काही नाही तो झाडावर. त्या दोन अर्लांपैकी नॉर्थम्बरलंड स्कॉटलंडला पळाला तर स्कॉट लोकांनी त्याला २,००० पाउंडांना विकला, १५७२ मध्ये यॉर्कला त्याचं मुंडकं उडवलं.

सुटलेले लोकही बघा, फक्त मेलेले मोजू नका. १५५४ मध्ये मेरी राणीविरुद्धचं वायटचं बंड फसल्यावर तिने शेकडो कैद्यांना गळ्यात फास अडकवलेल्या अवस्थेत समोर आणवलं आणि माफी देऊन टाकली, निव्वळ देखावा पण काम करून गेला. त्याच वर्षी याच बंडात सामील असल्याचा आरोप असलेल्या सर निकोलस थ्रॉकमॉर्टनला ज्युरीने चक्क निर्दोष सोडलं, तर ज्युरीलाच आत टाकून दंड ठोकला.

आणि मागण्यांची यादी जपून ठेवा. पिलग्रिमेजवाल्यांची एक तक्रार होती स्टॅट्यूट ऑफ यूजेस नावाच्या कायद्याबद्दल, जमीनदाराला मृत्युपत्राने जमीन देता येईना म्हणून. पुढारी १५३७ मध्ये मेले आणि १५४० मध्ये त्याच राजाने बरीचशी मोकळीक देणारा कायदा केला, बंडाचं नावही न घेता. मठ मात्र एकूणएक गेले.

सुरुवात करायची तर हेन्रीच्या काळातल्या सरकारी कागदांचे सारांश 'लेटर्स अँड पेपर्स' नावाने छापलेत, ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइनवर आहेत. बाराव्या खंडाचा पहिला भाग उघडा, जानेवारी ते मे १५३७, आणि सर्चमध्ये कार्लाइल टाका. स्पेलिंग जुनी आणि तऱ्हेतऱ्हेची आहेत, त्यामुळे एकदा शोधून नाही सापडलं तर आडनाव दोनचार प्रकारे टाकून बघा.