फाइल ‘वापरात आहे’? प्रोसेस एक्सप्लोरर आणि प्रोसेस मॉनिटर वापरताना या चुका टाळा

बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचं काम) अर्ध्यावर अडकतो, कारण जुनी डीएलएल (प्रोग्रॅम वापरतात ती तयार कोडची फाइल) पुसली जात नाही. विंडोज म्हणतं, फाइल दुसरी प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) वापरतेय. कोणती, ते काही सांगत नाही. मग बरेच जण प्रोसेस मॉनिटर लावतात, कारण त्यात म्हणे ‘सगळं दिसतं’. इथेच पहिली चूक होते.

प्रोसेस मॉनिटर फाइल उघडणं-बंद करणं अशा घडामोडींची नोंद ठेवतं, तीही ते सुरू झाल्यापासूनची. एखाद्या प्रोसेसने सकाळीच फाइल उघडली आणि आता ती नुसती धरून बसली असेल, तर तिची एकही ओळ उमटणार नाही. ‘आत्ता कोणी धरलंय?’ हा प्रश्न प्रोसेस एक्सप्लोररला विचारा, ते चालू प्रोसेस आणि त्यांनी उघडलेल्या फाइल्स दाखवतं: ‘फाइंड हँडल ऑर डीएलएल’ उघडा, फाइलच्या नावाचा तुकडा टाका, झालं. ते अ‍ॅडमिन म्हणून चालवा, नाहीतर सर्व्हिसेसकडची (विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सकडची) हँडल्स, म्हणजे उघड्या फाइलवरची पकड, दिसत नाहीत आणि ‘कोणीच नाही’ असं खोटं समाधान मिळतं. याउलट अँटिव्हायरस क्षणभर फाइल उघडून सोडत असेल, तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये शोधेपर्यंत तो पसार झालेला असतो. तिथे मॉनिटरच हवं. दोन्ही टूल्स सिसइंटर्नल्स या विंडोज टूल्सच्या संचातली, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे असलेली आणि फुकट, त्यामुळे एकाऐवजी दुसरं उघडणं सहज होतं.

मॉनिटरमध्ये ‘शेअरिंग व्हायोलेशन’ची ओळ सापडली की लोक त्या ओळीतल्या प्रोसेसवर तुटून पडतात. अहो, ती तर बिचारी तक्रारदार! तिला फाइल नाकारली गेली, म्हणून ती ओळ आली. गुन्हेगार बहुधा वर असतो. त्याच पाथवर (फाइलच्या पूर्ण पत्त्यावर) फिल्टर लावा आणि जिचं ‘क्रिएटफाइल’ (फाइल उघडणं) यशस्वी झालंय पण ‘क्लोजफाइल’ (ती बंद करणं) अजून आलेलं नाही, अशी प्रोसेस शोधा. त्या ओळीच्या तपशिलात ‘शेअरमोड: नन’ दिसलं तर प्रश्नच मिटला, कारण तिने फाइल इतर कोणालाही उघडू न देण्याच्या अटीवर घेतली आहे.

‘बफर ओव्हरफ्लो’ बघून घाबरू नका. हा हल्ला नव्हे. प्रोग्रॅमने दिलेली जागा माहितीला अपुरी पडली, एवढंच. बहुतेकदा पुढच्याच ओळीत तो मोठी जागा घेऊन पुन्हा विचारतो. ‘नेम नॉट फाउंड’च्या शेकडो ओळीही नेहमीच्याच, कारण डीएलएल शोधताना विंडोज एकेक फोल्डर चाळत जातं.

प्रोसेस एक्सप्लोररमधलं ‘क्लोज हँडल’ मोहात पाडतं. माझं मत विचाराल तर त्याला हात लावू नका. हँडल बंद झाल्याचं त्या प्रोग्रॅमला कळत नाही. पुढे त्या हँडलचा क्रमांक दुसऱ्या फाइलला मिळाला, तर तो प्रोग्रॅम भलतीकडेच लिहून मोकळा होतो. सरळ प्रोसेस बंद करा.

फिल्टर लावला की नोंद थांबते, हाही गैरसमजच. फिल्टर ओळी फक्त लपवतो. मागे सगळं साठतच राहतं आणि रात्रभर चालू ठेवलेलं मॉनिटर मेमरी खात सुटतं. लांबच्या तपासासाठी फिल्टर मेनूतलं ‘ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स’ चालू करा. मात्र टाकून दिलेल्या नोंदी परत मिळत नाहीत, म्हणून फिल्टर आधी नीट तपासा.

नोंद सहकाऱ्याला पाठवायची असेल तर सीएसव्ही (साधा तक्ता) नको, पीएमएल (प्रोसेस मॉनिटरची स्वतःची फाइल) द्या. सीएसव्हीत कॉल स्टॅक (ती घडामोड कोणकोणत्या फंक्शन्समधून झाली याची साखळी) राहत नाही. पण त्या पीएमएलमध्ये युजरची नावं, फोल्डरचे पाथ आणि कमांड लाइनही (प्रोग्रॅम सुरू करताना दिलेला पूर्ण आदेश) असतात, आणि कमांड लाइनमध्ये पासवर्ड लिहिणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. पाठवण्याआधी एकदा शोधून बघा.