बीम वाढत नाहीत? धावणं कमी करण्याआधी या चुका टाळा

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांची एक तक्रार कायम कानावर येते. धावण्याचा टाइम सुधारतोय, पण बीम, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढायचे पुल-अप्स, पाचावर अडकलेत. मग ग्राउंडवर कुणीतरी सांगतं, "धावणं कमी कर." हा सल्ला ऐकू नका. अग्निवीर जनरल ड्युटीच्या फिजिकलमध्ये १.६ किलोमीटर धावण्याला जास्तीत जास्त ६० गुण आहेत आणि बीमला ४०. दहा बीमला पूर्ण ४० मिळतात, सहाला फक्त १६. यातलं एकही सोडून भागत नाही, आणि सोडायची गरजही नाही.

धावण्याने ताकद जाते, ही समजूत हवेतून आलेली नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० साली ताकद आणि दमसास एकत्र कमावणाऱ्यांचा अभ्यास केला. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद आधी वाढली, मग थांबली आणि शेवटच्या आठवड्यांत मागे आली. पण तिथे मोजली ती पायांची ताकद, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस पायांवर दोन्हीकडून भार पडत होता. बीम ओढायचं काम पाठ, दंड आणि पंजा करतात. धावण्याचा त्यांच्यावर थेट भार फारसा येत नाही. म्हणून बीम अडकले असतील तर कारण आधी बीमच्या सरावातच शोधा.

रोज दम संपेपर्यंत लटकणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. रोज सकाळी जास्तीत जास्त बीम मारायचे, शेवटचा बीम पाय झाडत कसाबसा काढायचा आणि उद्या पुन्हा तेच. याने रोज परीक्षा होते, सराव होतच नाही. तुमचे पाच निघत असतील तर तीन-तीनचे पाच सेट मारा, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती घ्या. प्रत्येक बीम स्वच्छ हवा: हात पूर्ण सरळ, हनुवटी बारच्या वर, झोका नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मध्ये एकेक दिवस मोकळा ठेवा. तीनचे पाच सेट सहज जायला लागले की सहावा सेट जोडा, मग एखाद्या सेटमध्ये चौथा बीम. किती निघतात हे दोन-तीन आठवड्यांतून एकदाच तपासा. पोरांना हे फार हलकं वाटतं आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा जुन्या सवयीवर जातात. तिथे थोडा धीर धरा.

एकही बीम निघत नसेल तर स्टुलावरून वर चढा, हनुवटी बारवर ठेवा आणि पाच सेकंद मोजत खाली या. असे तीन-चार, तीन सेट. जोडीला कमरेइतक्या उंचीच्या बारखाली आडवं होऊन छाती बारकडे ओढा.

क्रम उलटा ठेवणं

इंटरव्हल (थांबून थांबून जोरात धावणं) मारून, धापा टाकत बीमला लटकलात तर दमलेल्या अंगाचा सराव होतो, ताकद वाढत नाही. ज्या दिवशी बीम असतील त्या दिवशी वॉर्मअपनंतर आधी बीम मारा आणि मग सावकाश धावा. किंवा सकाळी धावणं, संध्याकाळी बीम. मात्र भरतीच्या रॅलीत धावल्यानंतरच बीम मारावे लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा १६०० मीटर जोरात मारून, दहा-पंधरा मिनिटांनी एकच सेट करा.

लपलेला भार

आणखी एक गडबड बहुधा इथे असते. दोरी चढणं, डेडलिफ्ट (जमिनीवरून जड वजन उचलणं), डंबेलने दंडाचा व्यायाम करणं हे सगळं त्याच पंजाला आणि कोपराला दमवतं. आदल्या दिवशी डेडलिफ्ट मारलीत तर दुसऱ्या दिवशी पकड सुटणारच. पोलीस भरतीचीही तयारी करणारे ७.२६० किलोचा गोळा फेकतात, त्याचा ताण मनगट-कोपरावर वेगळाच. आठवड्याचा कागद काढा आणि पकड लागणारा प्रत्येक व्यायाम त्यावर लिहा. लागोपाठच्या दिवशी येणारे सरकवा किंवा काढून टाका. जोर मात्र बीमच्या दिवशी चालतात, कारण ते ढकलण्याचं काम आहे. फक्त बीमनंतर मारा.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर दुर्लक्ष करू नका. स्नायूबंध स्नायूंपेक्षा सावकाश मजबूत होतात, म्हणून ताकद वाढली तरी कोपर मागे राहतं. सेट निम्मे करा, तळवे स्वतःकडे करून मारायचे बीम थांबवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

वजन आणि जेवण

बीममध्ये स्वतःचंच वजन उचलायचं असतं, म्हणून काही मुलं जेवण तोडतात. धावणं चालू असताना उपाशी राहिलात तर दोन्ही खाली येतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५. बाकी डाळ, दूध, मटकी, हरभरे आहेतच. पावडरचा डबा नसला तरी चालतं. रात्रीची झोप मात्र कापू नका.

रॅलीच्या आधीच्या आठवड्यात सेट निम्म्यावर आणा आणि शेवटचे दोन दिवस बारला हातही लावू नका. तळव्यावरचे घट्टे आंघोळीनंतर हलके घासून सपाट ठेवा. उंच आलेला घट्टा बारवर फाटला तर पुढचे बीम निघत नाहीत.